शिक्षकांच्या कामांची यादी: आधी मिनिटे मोजा, मग कामे लिहा

'पेपर तपासणे. टाचण. यू-डायस. पालकांना फोन.' बहुतेक शिक्षकांच्या डायरीत कामांची यादी अशी दिसते आणि आठवडाभर ती जशीच्या तशी पुढच्या पानावर उतरत राहते. यात शिक्षकांच्या कष्टांची कमी नसते, यादी करण्याचा क्रम उलटा असतो. आधी कामे लिहिली जातात, मग त्यांतली तातडीची कोणती ते ठरते, आणि हातात वेळ किती होता हे शाळा सुटल्यावर कळते. शिवाय ज्या कामासाठी कुणाचाही फोन येत नाही ते काम, म्हणजे उद्याच्या तासाची तयारी, सगळ्यात आधी मागे पडते.

खालची पद्धत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि अनुदानित माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. टप्पे याच क्रमाने करा. दुसरा आणि तिसरा टप्पा गाळून थेट प्राधान्यक्रम लावायला बसलात, तर यादी पुन्हा होती तशीच होईल.

## तयारी: दोन पाने, एक वही

वही. एकच, शंभर पानी, हातात मावणारी. टाचणवही (रोजच्या पाठाच्या तयारीची) वेगळी ठेवा, तिच्यात कामे लिहू नका. मोबाईलमध्ये फक्त तारखांचे गजर लावा. यादी मोबाईलवर ठेवली की ती पाहायला फोन उघडावा लागतो, आणि फोन उघडला की केंद्राचा (आसपासच्या शाळांच्या गटाचा), तालुक्याचा आणि शाळेचा असे तिन्ही ग्रुप समोर येतात.

वर्षाचे पान. वहीच्या पहिल्या पानावर जून ते मे असे बारा चौकोन आखा. दरवर्षी ठरलेली कामे त्यांत भरा: ३० सप्टेंबरचा पट, संकलित मूल्यमापन १ आणि २ (सत्राअखेरच्या परीक्षा), शिष्यवृत्ती व एनएमएमएसचे (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे) अर्ज, दहावी-बारावीच्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका, शिक्षण परिषदा, १ मेचा निकाल. प्रत्येक कामापुढे दोन तारखा हव्यात: शेवटची आणि सुरुवातीची. दुसरी तारीख जवळजवळ कुणीच लिहीत नाही. ३० सप्टेंबरच्या पटाचे काम सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होत नाही, ते ऑगस्टमध्ये सुरू होते. आधारवरचे नाव किंवा जन्मतारीख आणि जनरल रजिस्टरमधली नोंद ज्या मुलांची जुळत नाही, ती मुले ऑगस्टमध्येच वेगळी काढा. दुरुस्तीसाठी पालकांना मजुरी बुडवून आधार केंद्रावर जावे लागते. त्यांना आदल्या दिवशी निरोप देऊन हे काम होत नाही.

माहितीचे पान. वहीच्या शेवटच्या पानावर शाळेची पुन्हा पुन्हा मागितली जाणारी माहिती लिहा: अकरा अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक), इयत्तानिहाय, लिंगनिहाय आणि संवर्गनिहाय पट, दिव्यांग विद्यार्थी संख्या, शाळेच्या खात्याचा क्रमांक आणि आयएफएससी कोड, वर्गखोल्या, वापरात असलेली शौचालये, नळ, वीजजोडणी, संगणक. वर तारीख टाका आणि दर महिन्याच्या एक तारखेला पट तेवढा तपासा. 'तात्काळ' म्हणून येणाऱ्या बऱ्याच मागण्यांची उत्तरे या एका पानावर असतात. कपाट उघडून रजिस्टरे काढण्यात जाणारा अर्धा तास इथेच वाचतो.

> सावधान: मुलांचे आधार क्रमांक या पानावर लिहू नका आणि ग्रुपवर टाकू नका.

## टप्पा १: रोजची ठरलेली कामे यादीतून बाहेर काढा

हजेरी, पोषण आहाराची नोंद, चव रजिस्टर (शिजलेले अन्न चाखल्याची नोंद), परिपाठ, शाळा सुटताना खोल्या बंद करणे ही कामे रोजच होतात. ती यादीत लिहिली की यादी लांबते आणि त्यांवर टिक मारून काम केल्याचे खोटे समाधान मिळते. त्यांची एक चिठ्ठी करून वहीच्या आतल्या बाजूला चिकटवा. यादीत फक्त न ठरलेली कामे यावीत.

## टप्पा २: हातातली मिनिटे मोजा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वाधिक गाळला जाणाराही हाच. कागदावर वेळापत्रक घ्या आणि पुढच्या आठवड्यातला मोकळा वेळ प्रत्यक्ष मिनिटांत काढा.

माध्यमिक शिक्षकाचा हिशोब असा होतो. समजा आठवड्याला १२ ऑफ तास (शिकवायचे नसलेले मोकळे तास) आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांचे. त्यांतले ४ बदली तासांत (गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर) जातात असे धरा, उरले ८. वर्गातून स्टाफरूममध्ये येणे, पाणी पिणे, वह्यांचा गठ्ठा काढणे यात प्रत्येकी ५ मिनिटे जातात. म्हणजे ८ गुणिले ३०, एकूण २४० मिनिटे. सोमवार ते शुक्रवार शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबता येत असेल तर आणखी १५०. बेरीज ३९० मिनिटे, म्हणजे साडेसहा तास. यातले सत्तर टक्केच वापरायचे. पालक येतात, पाहुणे येतात, मुलाला ताप भरतो, वीज जाते. हाती राहतात सुमारे साडेचार तास.

प्राथमिक शिक्षकाला ऑफ तास नसतोच. दोनशिक्षकी शाळेत तर एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन वर्ग. तिथला मोजता येणारा वेळ म्हणजे परिपाठाआधीची वीस मिनिटे आणि सुटल्यानंतरचा अर्धा तास. मधली सुट्टी धरू नका. पोषण आहाराच्या पंगतीवर लक्ष ठेवणे हेच त्या वेळेतले काम आहे, आणि ते मन लावूनच करायला हवे.

> तपासा: आठवड्याचा आकडा दहा तासांच्या वर गेला असेल तर हिशोबात चूक आहे. घरचा वेळ धरला असेल तर तो वेगळ्या ओळीत लिहा. शाळेच्या वेळेत मिसळला की काम घरी सरकतेय हे दिसतच नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, ते तयारीच्या तासांसह. तयारी हे कामच आहे. तिला हिशोबात जागा मागताना संकोच करू नका.

## टप्पा ३: सगळे एका जागी उतरवा, मग फोडा

शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटे काढा. डोक्यातली, ग्रुपवरची, टेबलाच्या खणातल्या चिठ्ठ्यांवरची, मुख्याध्यापकांनी जाता जाता सांगितलेली सगळी कामे एका पानावर उतरवा. या वेळी क्रम लावू नका, निवड करू नका.

मग प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा: नेमके काय करायचे, किती नग, किती मिनिटे. तिन्हींची उत्तरे नसलेली ओळ अजून यादीत घालण्यासारखी झालेली नाही.

'पेपर तपासणे' हेच उदाहरण घ्या. घड्याळ लावून ५ पेपर तपासा. ४० गुणांच्या भाषेच्या पेपरला ३५ मिनिटे लागली तर एकाला ७ मिनिटे. ४८ मुलांच्या तीन तुकड्या म्हणजे १४४ पेपर, १००८ मिनिटे, जवळपास १७ तास. आठवड्याला साडेचार तास हाती असताना हे काम एका आठवड्याचे नाही, चार आठवड्यांचे आहे. हे आधी कळले तर मुख्याध्यापकांशी तारखेचे बोलता येते, सुटीतला वेळ ठरवून देता येतो. न कळता सुरुवात केली की शेवटचे पन्नास पेपर रात्री दीड वाजता तपासले जातात, आणि त्या मुलांना गुण देताना हात आखडता तरी होतो किंवा सैल तरी.

दुसरे असे की, ३० मिनिटांच्या ऑफ तासात असे चारच पेपर होतात, पाचवा अर्धवट राहतो. त्याऐवजी काम प्रश्नांनुसार फोडा:

1. आदर्श उत्तरे आणि गुणदान योजना लिहिणे: ३० मिनिटे.
2. ९ अ, प्रश्न १ (वस्तुनिष्ठ), ४८ पेपर: अर्ध्या मिनिटाला एक, म्हणजे २४ मिनिटे. एक ऑफ तास.
3. ९ अ, प्रश्न २, पेपर १ ते २०. एक ऑफ तास.
4. ९ अ, प्रश्न २, पेपर २१ ते ४८. सुटल्यानंतरचा वेळ.
5. निबंध आणि पत्रलेखन: शांत, सलग बैठक. ऑफ तासात मुळीच नको.
6. बेरीज, पहिल्या पानावरची नोंद, गुणपत्रक: वेगळी ओळ, २५ मिनिटे.

एकच प्रश्न सलग तपासला की उत्तर डोक्यात पक्के राहते, वेग वाढतो आणि सगळ्यांना एकाच मापाने गुण मिळतात. बेरजेची ओळ वेगळी लिहिण्याचे कारणही स्पष्ट आहे. थकलेल्या हाताने तपासता तपासता केलेल्या बेरजा चुकतात आणि पालकांच्या तक्रारी बेरजेवरूनच येतात.

वह्यांचेही तसेच. 'वह्या तपासणे' असे न लिहिता 'सातवी गणित, उदाहरणसंग्रह, हजेरी क्रमांक १ ते १६' असे लिहा. सगळा वर्ग एका दिवशी तपासायचा हट्ट सोडा. १६-१६ चे तीन गट पाडले तर आठवड्यात ४८ मुलांची प्रत्येक वही एकदा हाताखालून जाते.

आकारिक मूल्यमापनाच्या (सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) वर्णनात्मक नोंदींना हाच उपाय लागू पडतो. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के असतो आणि तरीही या नोंदी सत्राच्या शेवटच्या दोन दिवसांत, एकमेकींची नक्कल करून लिहिल्या जातात. रोज दोन मुले. ४० पटाच्या वर्गात २० कामाच्या दिवसांत प्रत्येक मूल एकदा येते. 'प्रगती समाधानकारक' लिहू नका. 'हातच्याची वजाबाकी करताना दशकातून घेतलेला एक कमी करायला विसरते' असे लिहा, कारण पुढच्या आठवड्यात त्या मुलीसाठी काय करायचे हे याच वाक्यातून ठरते.

> सावधान: ४५ मिनिटांपेक्षा मोठी ओळ यादीत ठेवू नका. ती कोणत्याच तासात बसत नाही आणि शेवटी घरी येते.

## टप्पा ४: क्रम लावा

तातडीचे आणि महत्त्वाचे अशी विभागणी शाळेत फारशी चालत नाही, कारण वरून येणारे प्रत्येक काम तातडीचे म्हणूनच येते. त्याऐवजी प्रत्येक ओळीसमोर एक खूण करा.

व (वर्ग): हे झाले नाही तर उद्या वर्गात मुलांचे अडेल. टाचण, प्रयोगाचे साहित्य, चाचणीची प्रश्नपत्रिका.

ता (तारीख): हे चुकले तर मुलाचे किंवा सहकाऱ्याचे भरून न येणारे नुकसान होईल. शिष्यवृत्तीचा अर्ज, पगारबिलाची माहिती, बोर्डाचे आवेदनपत्र.

थां (थांबलेले): तुमच्या उत्तरासाठी कुणीतरी थांबले आहे. शाळा सोडल्याचा दाखला मागणारे पालक, तुमच्या गुणांशिवाय निकालपत्रक पुरे करू न शकणारे वर्गशिक्षक.

स (सवड): बाकी सगळे. फलक सजावट, जुन्या फाइली, उपक्रमाचे फोटो चढवणे.

वेळ देण्याचा क्रम हाच: आधी व, मग ता, मग थां, शेवटी स. 'ता'चे काम 'व'च्या आधी फक्त शेवटच्या दोन दिवसांत येऊ शकते. त्याआधीच ते वर चढत असेल तर वर्षाच्या पानावरची सुरुवातीची तारीख चुकली आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे वरिष्ठांनी मागितलेली प्रत्येक गोष्ट 'ता' धरणे. निरंक अहवाल ('कळवण्यासारखे काही नाही' असा) एक दिवस उशिरा गेला तर आठवणीचा फोन येतो. अर्जाची मुदत गेली तर मुलाचे वर्ष जाते. या दोन तारखा एका तोलाच्या नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. अशी कामे आली तर त्यांची तारीख आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांना वर बोलायचे असेल तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

## टप्पा ५: आठवड्याच्या पानावर जागा द्या

सोमवार ते शनिवार असे सहा रकाने. प्रत्येक रकान्यावर त्या दिवशीची मोकळी मिनिटे आधी लिहा. मग खुणेच्या क्रमाने ओळी भरत जा आणि मिनिटे वजा करत जा. मिनिटे संपली की थांबा.

उरलेल्या ओळी खाली 'पुढचा आठवडा' मध्ये टाका. हे जड जाते, पण त्या कामांना या आठवड्यात जागा नव्हतीच, आता ते कागदावर दिसते इतकेच. शनिवारची सकाळची शाळा हलकी ठेवा, सोमवारी मोठे काम देऊ नका.

> तपासा: प्रत्येक दिवशी निदान एक 'व' ओळ आहे का? एखाद्या दिवशी फक्त माहिती भरायच्या लिंका आणि अहवाल असतील तर ते पान पुन्हा आखा.

## टप्पा ६: रोजची यादी, आदल्या दिवशी

शाळेतून निघण्यापूर्वी पाच मिनिटे. सकाळी यादी लिहायला बसलात तर गेटवर भेटलेला पहिला माणूसच तुमचा प्राधान्यक्रम ठरवतो.

एक मोठे काम (३० ते ४५ मिनिटे), दोन मधली (१० ते २० मिनिटे), आणि पाच मिनिटांच्या आतली किरकोळ कामे एका ओळीत एकत्र. मोठ्या कामापुढे तास लिहा: 'चौथा तास, ग्रंथालय'. जागा लिहायची, कारण स्टाफरूममध्ये सलग तीस मिनिटे मिळत नाहीत. ऑफ तासात रिकामी प्रयोगशाळा किंवा ग्रंथालयातला कोपरा गाठा.

दोनशिक्षकी शाळेत मोठे काम रोज ठेवू नका, आठवड्यातून दोनदाच ठेवा. पोषण आहार आणि समितीचे कागद एकाकडे, ऑनलाइन माहिती दुसऱ्याकडे अशी वाटणी सत्रभर कायम ठेवा. दोघांनी थोडे थोडे केले की एकच माहिती दोनदा भरली जाते, किंवा दुसऱ्याने भरली असेल असे समजून राहून जाते. वह्या मात्र वर्गातच तपासा: एक गट स्वाध्याय करत असताना दुसऱ्या गटातल्या मुलाला जवळ बसवून, त्याच्यासमोर. त्याची चूक त्याला तिथेच कळते आणि गठ्ठा घरी जात नाही.

## टप्पा ७: मधेच आलेले काम

'तात्काळ. आज पाचपर्यंत लिंक भरणे.' असा संदेश येणारच. ग्रुप दिवसातून तीनदा पाहा: परिपाठाआधी, मधल्या सुट्टीच्या शेवटी आणि सुटल्यावर. मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून घ्या की खरोखर अडले तर ते फोन करतील किंवा शिपाई पाठवतील.

संदेश वाचल्यावर लगेच भरायला बसू नका. वहीत चार गोष्टी लिहा: कोणती माहिती, कशात हवी (लिंक, एक्सेल, सहीचे पत्र), कधीपर्यंत, कुणाकडे. निम्म्या वेळा संदेशात यांतली एखादी गोष्ट नसतेच. ती केंद्रप्रमुखांना विचारून घ्या, नाहीतर एक्सेल भरून झाल्यावर 'स्कॅन करून पाठवा' असा दुसरा संदेश येतो. मग माहितीचे पान उघडा. पाच मिनिटांत होत असेल तर किरकोळ कामांच्या ओळीत घाला. जास्त लागत असेल तर आजच्या यादीतली तेवढ्याच मिनिटांची ओळ खोडून उद्यावर टाका. नवे काम घालताना जुने न खोडणे यामुळेच चांगली आखलेली यादी दुपारपर्यंत कोलमडते. आणि खोडायची ओळ 'व'ची नसावी.

लिंक भरली की स्क्रीनशॉट काढा आणि ओळीसमोर तारीख टाका. 'आपल्या शाळेची माहिती अप्राप्त' असा संदेश नंतर आलाच तर पुन्हा भरावे लागत नाही.

## टप्पा ८: शनिवारची झाडणी

टप्पा ३ च्या आधीची ही दहा मिनिटे. झालेल्या ओळी खोडा. राहिलेल्या ओळीसमोर ती कितव्यांदा पुढे गेली त्याची रेघ मारा. तीन रेघा झाल्या तर ती ओळ चौथ्यांदा उतरवू नका. तिचे काय बिघडले ते शोधा:

- काम मोठे आहे, फोडलेले नाही.
- पहिली पायरी दुसऱ्याच्या हातात आहे. मग ओळ बदला: 'अहवाल पूर्ण करणे' ऐवजी 'लिपिकांकडून मागील वर्षाची पावती मागणे'.
- काम कुणालाच नको आहे. मुख्याध्यापकांना विचारून काढून टाका.
- करायचे कसे ते माहीत नाही. सहकाऱ्याला विचारण्याची वेगळी ओळ लिहा, दहा मिनिटांची.

मोठ्या कामांसमोर प्रत्यक्ष लागलेली मिनिटेही लिहा. चार आठवड्यांत तुमचे स्वतःचे दर तयार होतात: चाचणीची प्रश्नपत्रिका काढायला किती, एका वर्णनात्मक नोंदीला किती. अंदाज सुरुवातीला कमीच असतो, म्हणून पहिला महिनाभर प्रत्येक अंदाज दीडपट धरा.

## परीक्षेच्या पंधरवड्यात

संकलित मूल्यमापनाच्या काळात ही पद्धत थोडी बदलते. 'स' खूण असलेली सगळी कामे पंधरा दिवस बंद. वह्यांची फेरी बंद. पर्यवेक्षण करताना पेपर तपासायचे नाहीत. तपासणीही बिघडते आणि वर्गावरचे लक्षही उडते.

पहिला पेपर झाला त्याच दिवशी घड्याळ लावून पाच पेपर तपासा आणि एकूण मिनिटे काढा. निकालाच्या तारखेतून दोन दिवस आधीच वजा करा: एक गुणपत्रक आणि श्रेणी भरायला, एक पडताळणीला. उरलेल्या दिवसांत पेपर वाटा. रोजचा वाटा तुमच्या वेळेत बसत नसेल तर परीक्षा संपायची वाट न पाहता त्याच दिवशी मुख्याध्यापकांना आकडा दाखवा. पर्यवेक्षणाच्या पाळ्या तेव्हाच बदलता येतात.

पडताळणीच्या दिवशी गुणपत्रक एका शिक्षकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पेपरवरचे गुण पाहावेत. स्वतः भरलेले स्वतःच तपासले की डोळे अपेक्षित आकडाच वाचतात. गैरहजर मुलांच्या चौकोनात शून्य पडलेले नाही ना, सारख्या नावांच्या मुलांचे गुण अदलाबदल झालेले नाहीत ना, या दोन गोष्टी शेवटी पुन्हा एकदा पाहा, मगच सही करा.